नाश्ता धरून, मोदक वेगळे

रेल्वे स्टेशनवरचं वाय-फाय पहिला अर्धा तास फुकट असतं, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यापुढे दहा रुपयांत ते दिवसभर मिळतं, हे मात्र फार थोड्यांच्या कानावर गेलं असावं. रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीने मार्च २०२१ मध्ये ही सोय आणली, तेव्हाचे दर असे होते: दिवसाला १० रुपये, त्यात ५ जीबी, महिन्याला ७५ रुपये, त्यात ६० जीबी, जीएसटी वेगळा. वेग ३४ एमबीपीएसपर्यंत, आणि सोय चार हजारांहून जास्त स्टेशनांवर. फुकटच्या अर्ध्या तासात वेग १ एमबीपीएस. गणित मांडलं तर अर्ध्या तासात जेमतेम सव्वादोनशे एमबी पदरात पडतात, तेही सिग्नलने दगा दिला नाही तर. २०२४ च्या जुलैत मोबाइलचे दर वाढले, तेव्हा जिओचा एक जीबीचा जादा पॅक १५ रुपयांवरून १९ वर गेला. म्हणजे कागदावर तरी स्टेशनवरचे दहा रुपये हा सरळसरळ फायद्याचा सौदा आहे.

तरीही दहा रुपये भरून स्टेशनवर वाय-फाय घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी विचारत असते, म्हणून सांगते. विचारायचं कारण असं की माझं पोटापाण्याचं काम हेच आहे. अ‍ॅपवर, वेबसाइटवर जी चार-पाच शब्दांची वाक्यं असतात, 'आता घ्या', 'पुढे जा', 'आत्ता नको', ती कुणीतरी बसून लिहिलेली असतात. त्या कुणीतरींपैकी मी एक. फुकट वापरणाऱ्याला पैसे भरायला लावणं हा या धंद्यातला सगळ्यात जास्त मागणी असलेला माल. बैठकीत त्यासाठी जे शब्द वापरले जातात ते इथे लिहीत नाही, पण गोड बोलून खिशात हात घालणं एवढा त्यांचा सारांश काढला तर कुणी हरकत घेणार नाही.

भारतात स्टेशनवरचं वाय-फाय सुरू झालं ते विकण्यासाठी नव्हतंच. २०१५ मध्ये गुगल आणि रेल्वेचं ठरलं, जानेवारी २०१६ मध्ये पहिलं स्टेशन जोडलं गेलं ते आपलं मुंबई सेंट्रल, आणि जून २०१८ मध्ये आसामातल्या दिब्रुगडला चारशेवं. तेव्हा मोबाइलवर एक जीबी म्हणजे अडीचशे रुपयांच्या आसपासचं प्रकरण होतं. लोक मुद्दाम प्लॅटफॉर्म तिकीट काढून व्हिडिओ उतरवायला यायचे. एर्नाकुलम जंक्शनवरच्या एका हमालाची बातमी २०१८ मध्ये खूप गाजली: डोक्यावर बॅगा, कानात इअरफोन, त्यात स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं, सगळं स्टेशनच्या वाय-फायवर. केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा तो पास झाला. अशा माणसाला अर्ध्या तासाने 'पुढचे पैसे भरा' म्हणणारं पान दाखवलं असतं तर काय झालं असतं? कदाचित भरलेही असते. दिवसाला दहा रुपये अभ्यासासाठी टाकणं त्याला परवडलं नसतं असं मला वाटत नाही. गरीब माणूस पैसेच देत नाही, हा पैसेवाल्यांचा समज आहे. तो देतो, फक्त कशाचे देतोय ते त्याला आधी कळावं लागतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने हा कार्यक्रम आवरता घेतला. कारणात लिहिलं होतं की भारतात मोबाइल डेटा आता जगात सगळ्यात स्वस्त देशांत गणला जातो, पाच वर्षांत दर ९५ टक्क्यांनी उतरलेत, माणशी महिन्याला जवळजवळ १० जीबी वापरले जातात. खरंच होतं ते. स्टेशनवरची यंत्रणा रेलटेलकडे राहिली, आणि वर्षभराने दहा रुपयांचा फलक लागला. म्हणजे जो माल बाजारात एवढा स्वस्त झाला की फुकट वाटणाऱ्यानेही हात झटकले, तोच आता विकायला काढला गेला. यात रेलटेलची चूक आहे असं मी म्हणत नाही. खर्च कुठून तरी निघायला हवा. पण वेळ अवघड होती खरी.

फुकटवाल्याला पैसेवाला करण्याचा देशातला सगळ्यात मोठा प्रयोग कुठल्या वाय-फायवर झालाच नाही. तो जिओने केला. ५ सप्टेंबर २०१६ पासून सगळं फुकट. आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग ३१ मार्चपर्यंत. फेब्रुवारी २०१७ मध्ये दहा कोटी ग्राहक झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याच भाषणात सांगितलं गेलं की १ एप्रिलपासून पैसे पडतील: वर्षाच्या मेंबरशिपचे ९९, वर महिन्याला ३०३. मार्चअखेर ७ कोटी २० लाख लोकांनी ९९ रुपये भरले होते. धंद्यातल्या लोकांना आजही हा आकडा ऐकून घाम फुटतो. एरवी शंभरातले दोन-तीन वळले तरी पेढे वाटले जातात.

यामागे खोल खिसा होता, स्पर्धकांना मेटाकुटीला आणणं होतं, शेवटी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एक जादा सवलत मागे घ्यायला लावली, हे सगळं धरूनही मला त्यातल्या साध्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. फुकट होतं तेव्हा जे मिळत होतं, तेच पैसे भरल्यावर मिळणार होतं. फुकटवाल्याला मुद्दाम रखडवलं नव्हतं (गर्दीने रखडायचं, ते वेगळं). तारीख महिनाभर आधी सांगितली होती. आणि पैसे भरायला कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात जाऊन शंभराची नोट दिली की काम व्हायचं. ऐन व्हिडिओ कॉलच्या मधे कुणी पडद्यावर येऊन उभं राहत नव्हतं.

आता याच्या शेजारी पाहुण्यांच्या वाय-फायचं नेहमीचं पान ठेवा. हॉटेल, दवाखान्याची वेटिंग रूम, मॉल, कुठलंही चालेल. तुम्ही वाय-फाय जोडता. तुमचा अँड्रॉइड फोन गुपचूप गुगलच्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन विचारतो की बाहेर वाट मोकळी आहे ना. मोकळी असेल तर '२०४' एवढंच उत्तर येतं, म्हणजे 'सगळं ठीक, सांगण्यासारखं काही नाही'. वाय-फायचा मालक हे उत्तर मधेच अडवतो आणि त्याजागी स्वतःचं पान सरकवतो. आपल्याला वाटतं पान उघडलं. खरं तर दार अडवलेलं असतं आणि दारात माणूस उभा असतो. हा माणूस आधी नंबर मागतो, मग ओटीपी, मग जाहिराती पाठवायची परवानगी, आणि या सगळ्यानंतर सांगतो की वीस मिनिटं फुकट.

ओटीपीचं कारण समजण्यासारखं आहे, आणि त्याचा एक धागा थेट नवी मुंबईत जातो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं माध्यमांना धमकीचा ईमेल गेला होता. तो सानपाड्यातल्या एका रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचं निघालं. त्या बापड्याला काही पत्ताच नव्हता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. तेव्हापासून फुकटच्या वाय-फायची किंमत म्हणजे आपला मोबाइल नंबर. तो नंबर पोलिसांसाठी घेतलेला असतो, पण पुढे कर्ज देणारेच जास्त वापरतात. आणि गंमत अशी की ज्याला वाय-फायची खरी गरज, म्हणजे परदेशातून उतरलेला, इथलं सिमकार्ड नसलेला माणूस, त्यालाच ओटीपी येत नाही.

पैसे भरण्याचा भाग तर याहून मजेदार. हायवेवरच्या एका फूड मॉलमध्ये आमची बस तासभर अडकली होती. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा, भरतीच्या परीक्षेला निघालेला, हॉल तिकीट उतरवायचं राहिलेलं. त्याचा दिवसाचा दीड जीबी सकाळीच संपला होता. मॉलच्या वाय-फायची फुकट मिनिटंही संपली, आणि पान म्हणालं की पंधरा रुपये भरा, तासभर मिळेल. त्याने भरायचं ठरवलं. यूपीआय निवडलं. अ‍ॅप उघडलं आणि फिरत राहिलं. कारण अ‍ॅपला बँकेपर्यंत जायला इंटरनेट हवं, इंटरनेट मिळायला पैसे हवेत, पैसे द्यायला अ‍ॅप हवं. दारातल्या माणसाने पैशांच्या वाटाही बंद करून ठेवल्या होत्या. पैसे भरण्यापुरत्या त्या चार पत्त्यांना मोकळीक द्यायची असते, हे लावणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. इंटरनेट नसताना *९९# वरूनही पैसे पाठवता येतात म्हणा, पण त्याने पानावरचं बिल भरत नाही, आणि तो नंबर माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. शेवटी त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, दोन मिनिटं हॉटस्पॉट देता का?" दिला. हॉल तिकीट उतरलं. पंधरा रुपयांचा धंदा बुडाला, आणि बुडवला तो 'फुकट्या' वृत्तीने नव्हे. पाकीट काढून बसलेलं गिऱ्हाईक होतं ते.

स्टेशनवरचं किंवा मॉलमधलं वाय-फाय विकणाऱ्यांचा खरा प्रतिस्पर्धी जिओ-एअरटेल नव्हे, शेजारी बसलेल्या ताईचा हॉटस्पॉट आहे. तो फुकट आहे, ओटीपी मागत नाही, आणि देणाऱ्याला वर पुण्य लागतं.

हे सगळं मी गेल्या वर्षी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होते. माझा मामेभाऊ आणि वहिनी गुहागरच्या बाजूला घरगुती निवास चालवतात. समुद्र चालत दहा मिनिटांवर, खोल्या मोजक्याच. कोविडनंतर लॅपटॉपवाले पाहुणे यायला लागले. आधी शनिवार-रविवार यायचे ते आता आठवडाभर मुक्काम ठोकतात, सकाळी पोहून येतात आणि दहा वाजता पडवीत मीटिंगला बसतात. एक फायबरची लाइन, एक राउटर, सहा खोल्या. दुपारी कुणाचा मुलगा कार्टून लावतो आणि पडवीतल्या साहेबांचा चेहरा पडद्यावर गोठतो. साहेब मग दादाकडे तक्रार घेऊन येतात. दादाने कुठल्याशा दुकानदाराकडून एक यंत्रणा आणायचं ठरवलं होतं: अर्धा तास फुकट, मग कूपन. त्यातली वाक्यं मी लिहून द्यावीत, एवढ्यासाठी मला मोदकांच्या आमिषाने बोलावलं होतं.

दुकानदाराने पाठवलेला नमुना मी पाहिला. लाल आकड्यांत उलटं चालणारं घड्याळ. 'प्रीमियम घ्या' हे मोठं हिरवं बटण, आणि त्याखाली राखाडी बारीक अक्षरांत 'नको, मला हळू इंटरनेट चालेल'. हे शेवटचं मला चांगलं ओळखता येतं. नाही म्हणणाऱ्याला ओशाळवायचं, ही आमच्याकडची जुनी विद्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावं घेऊन बंद केले; त्यात लाज वाटायला लावणं आहे, खोटी घाई आहे, सारखं सारखं पिच्छा पुरवणंही आहे. तेरापैकी तीन तर या एका पानावरच नांदत होते. आणि मुख्य म्हणजे फुकटच्या अर्ध्या तासाचा वेग जाणूनबुजून इतका कमी ठेवायचा होता की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतानाही चाक फिरावं. दुकानदार फोनवर म्हणाला, "त्रास झाल्याशिवाय कोण पैसे काढतो, मॅडम?"

वहिनी तेव्हा खोबरं खवत होत्या. त्यांनी विळीवरून नजर न उचलता विचारलं, "म्हणजे पोहे मुद्दाम खारट करायचे, म्हणजे लोक मोदक मागवतील, असं ना?"

अख्ख्या कारकिर्दीत कुठल्या बैठकीत मी इतकं नेमकं काही ऐकलेलं नाही. त्यांच्याकडे सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो. पोहे, घावन, कधी आंबोळी. कुणी जास्त मागितलं तर वाढतात, त्याचा हिशोब नाही. उकडीचे मोदक मात्र आदल्या दिवशी सांगायचे, त्याचे पैसे वेगळे. आजवर एकाही पाहुण्याने 'मोदकाचे वेगळे का?' म्हणून वाद घातलेला नाही. कारण मोदक हा मोदक आहे. वाईट पोह्यांपासून सुटका म्हणून तो कुणी मागवत नाही. आणि पोहे चांगले असतात म्हणूनच तर लोकांना मोदकांचा भरवसा वाटतो.

मग दादाला मी प्रश्न विचारायला लागले. पडवीतल्या साहेबांना नक्की काय हवंय? जास्त वेग? छे. दहा ते सहा न तुटणारी लाइन, पाठ दुखणार नाही अशी खुर्ची, मागे कोंबडा आरवणार नाही असा कोपरा, आणि लाइट गेल्यावरही राउटर चालू राहील एवढा इन्व्हर्टर. यातला वाय-फायचा वाटा चतकोरच. आणि मुलाला कार्टून दाखवणाऱ्या आईला काय हवंय? काहीच नको, आहे ते चालतंय. मग तिला अडवून काय मिळणार? ती चिडून फोनचा डेटा वापरेल आणि जाताना गुगलवर तीन तारे देऊन जाईल.

दुसरी एक अडचण होती. घरगुती निवासवाल्याने कूपन लावून इंटरनेट विकायचं म्हटलं की ते नुसतं कूपन राहत नाही. कुणाकुणाला कधी दिलं याची नोंद, ओळख, कंपनीशी करार, सगळं आलं. यासाठी सरकारची रीतसर वाट आहे. ९ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली पीएम-वाणी. चहावाल्याने, किराणा दुकानदाराने राउटर लावायचा, परवाना नाही, फी नाही. ओळख-नोंदीचं काम मधली कंपनी बघते. त्याआधीच्या चाचणीत दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतची कूपनं होती, शाम्पूच्या पुडीसारखी. जुन्या पिवळ्या पीसीओची ही पुढची पिढी व्हावी असं स्वप्न होतं. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. गाडी लाखांतच रेंगाळली. एक कारण रोकडं आहे: दुकानदाराला लाइन घरगुती दराने मिळायची नाही, कंपन्या बडा दर लावायच्या. ट्रायने २०२५ मध्ये त्यावर मर्यादा घातली, घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. हे चार वर्षं आधी झालं असतं तर माझ्या मते चित्र वेगळं दिसलं असतं. पीसीओ चालला तो फोन स्वस्त होता म्हणून नव्हे, चालवणाऱ्याला दोन पैसे सुटत होते म्हणून.

दादाला या भानगडीत पडायचं नव्हतं. यंत्रणा रद्द झाली. मागच्या बाजूची, समुद्र न दिसणारी खोली कायम शेवटी जायची. तिथे त्याने दुसऱ्या कंपनीची वेगळी लाइन घेतली, गुहागरहून एक सागवानी टेबल आणलं, खुर्ची पुण्याहून मागवली. इंटरनेटचे पैसे कुणालाच नाहीत. खोलीचं भाडं मात्र दिवसाला तीनशेने जास्त. मी लिहिलेला कागद आता प्रत्येक खोलीत दाराच्या आत चिकटवलेला आहे, पान नाही की बटण नाही:

'वाय-फाय सगळ्यांना आहे, मुक्कामभर. निरोप, फोटो, पैसे पाठवणं, घरच्यांशी बोलणं सगळं होतं. संध्याकाळी सगळे एकदम बसले की हळू होतं. दिवसभर मीटिंग असतील तर मागची खोली कामासाठी केली आहे, तिची लाइन वेगळी आहे. तिथून समुद्र दिसत नाही. हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा.'

'तिथून समुद्र दिसत नाही' हे वाक्य दादाला काढायचं होतं. माल विकताना खोट सांगतं का कुणी, असं त्याचं म्हणणं. मी ते राहू दिलं, कारण पैसे मागताना एक उणी बाजू आपणहून सांगितली की बाकीच्या चार बाजूंवर विश्वास बसतो, हे मला धंद्यानेच शिकवलंय. (याला डावपेच म्हणायचं असेल तर म्हणा, पण खोटं तर नाही ना त्यात.) आणि 'हळू होतं' हेही तसंच. संध्याकाळी हळू झालं की आता कुणी दादाकडे येत नाही. कागदावर लिहिलेलंच आहे म्हणतात आणि किनाऱ्यावर जातात.

मागची खोली आठवड्याच्या मधल्या दिवसांत आता क्वचितच रिकामी असते. एक बाई दर पावसाळ्यात तीच खोली मागतात; त्या परदेशातल्या कंपनीसाठी रात्रपाळी करतात आणि समुद्राचं त्यांना काही पडलेलं नाही. दादाचा हिशोब चालू आहे की दिवाळीत तीनशेचे पाचशे करावेत. वहिनींचं म्हणणं, दिवाळीत लॅपटॉप घेऊन येणाऱ्याकडून उलट कमी घ्यावेत, बिचारा. या मुद्द्यावर दोघांचं अजून जमलेलं नाही, आणि नवा कागद लिहायला मला बोलावणं आलेलं आहे.